संध्याचा कापूस, लताचा कापूस : त्रिकोणमितीची सूत्रं डोक्यात बसवायची आमची रीत

दहावीच्या वर्गात त्रिकोणमिती सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, राती त पाठ होतं, सकाऊन काहून आठोत नाही?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी गणित शिकवतो. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता रागवत नाही. पोरगं खोटं बोलत नसतं, रात्री खरंच पाठ असतं. पण साइन, कॉस, टॅन, सेक, कॉट, कोसेक ही सगळी नावं एकसारखीच वाजतात. कोण कोणाच्या डोक्यावर आणि कोण खाली, हे नुसत्या घोकंपट्टीने सकाळपर्यंत टिकत नाही.

म्हणून वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगतो की दहावीसाठी तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या : एक वाक्य, एक पंजा आणि एक रांगोळी. बाकीचं सगळं त्यातून काढता येतं. अकरावीला गेलात तर आणखी तीन छोट्या ओळी लागतील, त्याही पुढे दिल्या आहेत. मात्र क्रम मोडू नका. बाजू ओळखता येत नसताना वाक्य पाठ केलं तर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

पहिली पायरी : कोपऱ्यात उभं राहा

ही पायरी वहीत करू नका, मैदानात करा. बारा फुटांची दोरी घ्या. तीन फुटांवर एक गाठ, तिथून पुढे चार फुटांवर दुसरी गाठ, उरले पाच फूट. दोरीची दोन टोकं जुळवून तिन्ही कोपरे ताणले की काटकोन त्रिकोण तयार. घराचा पाया आखताना गवंडी ३-४-५ घेऊन गुण्या काढतो तो असाच. दोरीच्या कडेने कबड्डीच्या मैदानाची फक्की टाका आणि दोरी उचलून घ्या.

आता एकाने चार आणि पाच फुटांच्या बाजू मिळतात त्या कोपऱ्यात उभं राहायचं. दोन बाजू त्याच्या पायापासूनच सुरू होतात. तिसरी समोर आहे, तिला पाय लागत नाही. पाय न लागणारी ती संमुख बाजू. पायाशी असलेल्या दोघींपैकी लांब तो कर्ण, उरलेली लगतची. म्हणजे संमुख ३, लगतची ४, कर्ण ५.

आता त्याच पोराला तीन आणि पाच मिळतात त्या कोपऱ्यात पाठवा. त्रिकोण तोच, रेषा त्याच, पण आता संमुख ४ झाली आणि लगतची ३. कर्ण मात्र जागचा हलला नाही. काटकोनाच्या कोपऱ्यात कोणी उभं राहायचं नाही, एवढाच खेळाचा नियम.

पाच मिनिटांचा हा खेळ मी कधीच टाळत नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडची पोरं हिंदी व्हिडिओ बघून "पंडित बद्री प्रसाद, हर हर बोले" पाठ करून येतात. चाल झकास आहे, चटकन तोंडी बसते. पण त्यातले प आणि ब म्हणजे लंब (परपेंडिक्युलर) आणि पाया (बेस). लंब म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे उभी रेषा येते, आणि ती तशीच घट्ट बसते. मग प्रश्नात कोन वरच्या कोपऱ्यात दिला की सगळं उलटं होतं, कारण तिथून पाहिलं तर संमुख बाजू आडवी असते. संमुख आणि लगतची हे आपल्या पाठ्यपुस्तकातले शब्द या बाबतीत जास्त प्रामाणिक आहेत. तुम्ही कुठे उभे आहात हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थच येत नाही.

दुसरी पायरी : एक वाक्य

साइन म्हणजे संमुख भागिले कर्ण. कॉस म्हणजे लगतची भागिले कर्ण. टॅन म्हणजे संमुख भागिले लगतची. आद्याक्षरं घेतली तर सं-क, ल-क, सं-ल.

पूर्वी मी यासाठी वरुड-मोर्शीकडच्या बागांवरून एक ओळ सांगायचो : "संत्री काढा, लवकर काढा, संत्री लादा." पहिले दोन शब्द साइनचे, मधले दोन कॉसचे, शेवटचे दोन टॅनचे, आणि प्रत्येक जोडीत आधीचा शब्द वर, नंतरचा खाली. काटोल-नरखेडकडचा माणूस म्हणेल की संत्री तोडतात, काढत नाहीत. बरोबर आहे. पण कर्णाचा क हवा होता, म्हणून तेवढं चालवून घेतलं.

मग एका वर्षी वर्गातल्या पोरींनी ती ओळ मोडीत काढली. आमच्या गावात संत्री कमी आणि पऱ्हाटी जास्त. त्यांनी केलेली ओळ अशी :

संध्याचा कापूस, लताचा कापूस, संध्या-लता.

सं-का, ल-का, सं-ल. ही माझ्या ओळीपेक्षा सरस निघाली. ती छोटी आहे म्हणून नव्हे, तिच्या पोटात आणखी एक सूत्र लपलंय म्हणून. साइनला कॉसने भागा : वर संध्याचा कापूस, खाली लताचा कापूस. कापसाला कापूस कटला, उरली संध्या भागिले लता. तेच टॅन! म्हणजे टॅन = साइन ÷ कॉस हे वेगळं पाठ करायचं कामच उरलं नाही. तेव्हापासून वर्गात हीच ओळ चालते आणि संत्री बागेत राहतात.

तुमच्या गावची वेगळी ओळ करायची असेल तर जरूर करा, फक्त अक्षरं सांभाळा. पोरांनी स्वतः केलेली ओळ, अगदी वात्रट असली तरी, मास्तराने दिलेल्या ओळीपेक्षा जास्त दिवस टिकते असा माझा अनुभव आहे. पण एका सूत्राला एकच खूण ठेवा. रोज मोबाइलवर नवी ट्रिक बघून तीन-तीन खुणा गोळा करणारी पोरं परीक्षेत कोणती वापरायची यातच अडकतात.

अशा खुणा करणं हा काही आळशी पोरांचा उद्योग नाही. इ.स. ४९९ मधल्या आर्यभटीयात आर्यभटाने ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन, तिच्या किमतींमधल्या फरकांचे २४ आकडे एका श्लोकात बसवले आहेत. त्यासाठी अक्षरांना त्याने किमती दिल्या. श्लोकाची सुरुवात होते "मखि" या अक्षरांनी. म म्हणजे २५, ख म्हणजे २, आणि ख ला ऱ्हस्व इकार लागला की त्याची शंभरपट, म्हणजे २००. दोन्ही मिळून २२५. त्रिज्या ३४३८ धरली तर ३ अंश ४५ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ज्या २२५ येते. आजच्या कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा, जुळतं. साइन हे नावही त्याच ज्येकडून फिरून आलेलं आहे. ज्येचंच दुसरं नाव जीवा, तो शब्द अरबीत "जीबा" झाला, पुढे तो "जैब" असा वाचला गेला, आणि जैब म्हणजे कपड्याची गळ्याजवळची घडी, म्हणून लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा "सायनस" आला. हिंदीतला "जेब" त्याच अरबी शब्दाचा. आर्यभटाची ज्या अशी घड्या-खिशांतून फिरत आपल्या वहीत येऊन बसली.

तिसरी पायरी : पंजा

०, ३०, ४५, ६० आणि ९० अंशांच्या किमती बोटांवर आहेत. कोणताही हात चालेल. करंगळी ०°, अनामिका ३०°, मधलं बोट ४५°, तर्जनी ६०°, अंगठा ९०°. करंगळी सगळ्यात लहान म्हणून शून्य, एवढं धरून ठेवलं की क्रम चुकत नाही.

ज्या कोनाची किंमत हवी ते बोट दुमडा. दुमडलेल्या बोटाच्या करंगळीकडच्या बाजूला किती बोटं उरली ती मोजा, त्या आकड्याचं वर्गमूळ घ्या, दोनने भागा. हा साइन. अंगठ्याकडची बोटं मोजून तसंच केलं की कॉस.

३०° करून पाहू. अनामिका दुमडली. करंगळीकडे एक बोट, म्हणून साइन ३०° = √१/२, म्हणजे १/२. अंगठ्याकडे तीन, म्हणून कॉस ३०° = √३/२. टॅनसाठी दोनने भागायचंही काम नाही : करंगळीकडची बोटं भागिले अंगठ्याकडची बोटं, आणि त्याचं वर्गमूळ. टॅन ३०° = √(१/३) = १/√३. अंगठा दुमडला तर खाली शून्य येतं, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून टॅन ९०° ची किंमत ठरवता येत नाही, हेही पंजाच सांगतो.

४५° ला एक अडचण येते. पंजा √२/२ देतो, पुस्तकात १/√२ असतं. दोन्ही एकच आहेत, वरखाली √२ ने भागून पाहा. दरवर्षी दोन-चार जण बरोबर आलेलं उत्तर इथे खोडतात.

पंजा फक्त या पाच कोनांसाठी आहे. १५° साठी अर्धं बोट मोजायला जाऊ नका, उत्तर चुकेल. आणि पंजा खरं बोलतो कशावरून, हे एकदा तरी तपासा. दोन एकक बाजूचा समभुज त्रिकोण कागदाचा कापून मधोमध दुमडा. अर्ध्या त्रिकोणात पायथ्याची बाजू १, कर्ण २, आणि पायथागोरसने उंची √३. वरच्या टोकाचा कोन ६०° होता, तो ३०° झाला. त्याच्या संमुख १, कर्ण २, साइन १/२. आता चौकोनी कागद घ्या, संक्रांतीचा फाटलेला पतंगही चालेल, आणि तो कर्णावर दुमडा. बाजू १ आणि १, कर्ण √२. इथे टॅन ४५° = १. हे दोन कागद कंपासपेटीत ठेवा. परीक्षेत पंजा कोणत्या टोकाकडून मोजायचा अशी शंका आली तर कागद आठवायचा.

चौथी पायरी : दोन-तीन-दोनची रांगोळी

या पायरीला दोन तास द्या. एकदा बसली की अर्धा धडा झाला असं समजा.

ठिपक्यांची रांगोळी घरोघरी येते. आपली रांगोळी सात ठिपक्यांची : वर दोन, मध्ये तीन, खाली दोन. बाहेरचे सहा ठिपके जोडले की षटकोन होतो आणि मधला ठिपका आत राहतो. आता प्रत्येक ठिपक्याला नाव द्या.

वरच्या ओळीत : साइन, कॉस.
मधल्या ओळीत : टॅन, १, कॉट.
खालच्या ओळीत : सेक, कोसेक.

मांडणी विसरू नये म्हणून असं करा. डावीकडे वरून खाली सा, टॅ, से : साइन, टॅन, सेक. त्या प्रत्येकाला "को" लावा आणि उजवीकडे लिहा : कोसाइन, कोटॅन (म्हणजे कॉट), कोसेक. मध्ये १. दहा सेकंदांचं काम आहे.

आता ही रांगोळी वाचायला शिका. ती चार तऱ्हेने वाचता येते.

पहिली तऱ्हा, आरपार. मधल्या १ वरून सरळ रेघ ओढा. रेघेच्या दोन टोकांवरच्या नावांचा गुणाकार १ येतो. साइनच्या आरपार कोसेक, कॉसच्या आरपार सेक, टॅनच्या आरपार कॉट. साइनची जोडी सेकशी लावायची आणि कॉसची कोसेकशी, ही चूक मी दर परीक्षेत बघतो, कारण आद्याक्षरं तशी ओढ लावतात. पोळ्याची बैलजोडी डोळ्यांपुढे आणा : प्रत्येक जोडीत एकाच बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ. "को" ही ती घुंगरमाळ. कोसाइन आणि कोसेक एका जोडीत आले तर दोघांच्या गळ्यात माळ झाली, जोडी चुकली.

दुसरी तऱ्हा, आडवी. एकाच ओळीतले डावे-उजवे हे कोटिकोनांचे, म्हणजे बेरीज ९०° येणाऱ्या दोन कोनांचे, सोबती. थीटा म्हणजे आपण घेतलेला कोन. साइन थीटा = कॉस (९०° − थीटा), टॅन थीटा = कॉट (९०° − थीटा), सेक थीटा = कोसेक (९०° − थीटा). दोरीच्या त्रिकोणात हेच पाहिलं होतं. एका कोपऱ्यात साइन ३/५, दुसऱ्या कोपऱ्यात कॉस ३/५, आणि त्या दोन कोपऱ्यांची बेरीज ९०°. मराठीत इथे आपली सोय झाली आहे : को म्हणजे कोटिकोन. जुन्या संस्कृत गणितात कॉसला कोटिज्या किंवा कोज्या म्हणत, तिथेही तोच को.

तिसरी तऱ्हा सगळ्यात कामाची. रांगोळीत टोक खाली असलेले तीन त्रिकोण शोधा आणि त्यांत रंग भरा. वरचा त्रिकोण साइन, कॉस आणि खाली १. डावा त्रिकोण टॅन, १ आणि खाली सेक. उजवा त्रिकोण १, कॉट आणि खाली कोसेक. प्रत्येकात वरच्या दोघांच्या वर्गांची बेरीज म्हणजे खालच्याचा वर्ग :

साइनचा वर्ग + कॉसचा वर्ग = १
टॅनचा वर्ग + १ = सेकचा वर्ग
१ + कॉटचा वर्ग = कोसेकचा वर्ग

पुस्तकातल्या तीन त्रिकोणमितीय नित्यसमानता त्या याच. "टॅनसोबत सेक की कोसेक" हा घोळ इथे होऊच शकत नाही, कारण टॅनच्या त्रिकोणाचं खालचं टोक सेकवरच येतं.

हे असं का होतं, तेही दोरीलाच विचारा. ९ + १६ = २५. सगळ्याला २५ ने भागा : ९/२५ + १६/२५ = १, पहिली नित्यसमानता. सगळ्याला १६ ने भागा : ९/१६ + १ = २५/१६, दुसरी. ९ ने भागलं की तिसरी. कर्ण, लगतची आणि संमुख यांच्या वर्गांनी पायथागोरसला आळीपाळीने भागलं, एवढीच गोष्ट आहे. भर परीक्षेत रांगोळी आठवली नाही तरी ९, १६, २५ आठवतात.

चौथी तऱ्हा, शेजारी. षटकोनाच्या काठावरचं कोणतंही नाव घ्या, ते त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या गुणाकाराएवढं असतं. साइन = टॅन × कॉस. कॉट = कॉस × कोसेक. सेक = टॅन × कोसेक. सहा सूत्रं फुकटात. सिद्ध करण्याची उदाहरणं सोपी करताना ती उपयोगी पडतात, पण उत्तरपत्रिकेत "रांगोळीवरून" असं लिहू नका. तिथे सगळं साइन आणि कॉसमध्ये बदलून पायऱ्या दाखवा. उदाहरणार्थ टॅन + कॉट = सेक × कोसेक सिद्ध करायचं असेल तर डावी बाजू साइन/कॉस + कॉस/साइन अशी लिहा, छेद सारखे करा, अंशात साइनचा वर्ग + कॉसचा वर्ग येईल, म्हणजे १. उरलं १ भागिले (साइन × कॉस), तीच उजवी बाजू. रांगोळी कच्च्या कामात असू द्या. पेपर हातात आला की शेवटच्या पानावर आधी ती काढून ठेवा. भूमितीचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, त्यातली ही दहा सेकंद वाया जात नाहीत.

पाचवी पायरी : आठवलेलं खरं की खोटं

सूत्र अर्धवट आठवलं की त्यात ४५° घालून बघा. समजा शंका आली : १ + टॅनचा वर्ग = सेकचा वर्ग, की टॅनचा वर्ग − १ = सेकचा वर्ग? टॅन ४५° = १, सेक ४५° = √२, त्याचा वर्ग २. एक अधिक एक दोन, जुळलं. एक उणे एक शून्य, नाही जुळलं. निकाल लागला. एका कोनाला जुळलं म्हणून सूत्र सिद्ध होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. चुकीचं सूत्र पकडायला ही युक्ती आहे.

पकडलेल्या चुकांमध्ये दोन नेहमीच्या. एक, साइन (३०° + ६०°) म्हणजे साइन ३०° + साइन ६०° असं धरणं. बेरीज करून बघा, १.३६ च्या वर जाते, आणि साइन १ च्या वर जातच नाही. दोन, पहिली नित्यसमानता वेगवेगळ्या कोनांना लावणं. साइन ३०° चा वर्ग अधिक कॉस ६०° चा वर्ग हे १ नाही, १/४ + १/४ म्हणजे अर्धा येतो. दोन्हीकडे कोन एकच हवा.

अकरावीला गेलेल्यांसाठी

अकरावी विज्ञानात आमची बहुतेक पोरं पहिल्यांदा इंग्रजीतून गणित शिकतात. संमुखला ऑपोझिट, लगतचीला अ‍ॅडजसंट, कर्णाला हायपोटेन्यूज. तिथे सगळे या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांची ओळ "सोह-काह-टोआ" म्हणतात. ते शिका, पण संध्या-लताला हाकलू नका. मनात मराठी ओळ म्हणायची आणि हाताने इंग्रजी लिहायचं, यात कमीपणा काही नाही.

दोन कोनांच्या बेरजेची सूत्रं या ओळीत आहेत : साइन मिसळतो, चिन्ह पाळतो, कॉस आपल्याआपल्यात बसतो, चिन्ह उलटवतो. म्हणजे

साइन (अ + ब) = साइन अ × कॉस ब + कॉस अ × साइन ब
कॉस (अ + ब) = कॉस अ × कॉस ब − साइन अ × साइन ब

अ = ६०°, ब = ३०° घालून बघा. पहिल्यात ३/४ + १/४ = १ येतं, तो साइन ९०°. दुसऱ्यात शून्य, तो कॉस ९०°. दुप्पट कोनाची सूत्रं वेगळी पाठ करू नका. ब च्या जागी अ लिहा, समोर येतात.

बेरजेचा गुणाकार करायच्या चार सूत्रांना चार शब्द : साको, कोसा, कोको, उणे सासा. साइन अधिक साइन केलं की दोनपट साइन-कॉस, साइन उणे साइन केलं की दोनपट कॉस-साइन, कॉस अधिक कॉस केलं की दोनपट कॉस-कॉस, आणि कॉस उणे कॉस केलं की उणे दोनपट साइन-साइन. चारही ठिकाणी आधी बेरजेचा अर्धा कोन, मग वजाबाकीचा अर्धा. कोसा म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडचं रेशीम, हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही. घरी एखादी कोशाची साडी असली तर विसरायचा प्रश्नच नाही.

आलेखाच्या दोन अक्षांनी पाडलेले चार भाग म्हणजे चरण. चार चरणांतली चिन्हं : सगळ्या सायकलींचे टायर कोरे. उजव्या वरच्या चरणापासून घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. पहिल्यात सगळे धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कोसाइन, आणि त्या-त्या चरणात त्यांच्या आरपारच्या जोडीदारांचं चिन्हही धनच.

कधी आणि कसं म्हणायचं

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे राती पाठ आणि सकाऊन गायब, हे आमच्या गावापुरतं नाही. उपाय असा : ज्या दिवशी शिकलात त्या रात्री एकदा, दुसऱ्या सकाळी एकदा, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी.

पण वाचायचं नाही, वही बंद करून लिहायचं. कोरा कागद, वर रांगोळी, खाली संध्या-लता, बाजूला पाच कोनांचा तक्ता. झालं की वही उघडा, चुकलं तेवढ्यावर लाल गोल करा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त लाल गोलवाले लिहा. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच आपण फसतो.

जागा कुठलीही चालते. दिवाळीच्या सुट्टीत वेचणीला गेलेल्या दोन बहिणींनी मला सांगितलं होतं, एक जण आपल्या पातीवरून "साइन?" विचारायची आणि दुसरी "संध्याचा कापूस!" म्हणायची. बाजूच्या बायांना वाटायचं, ही संध्या कोण? घरात रांगोळीचा कागद चिकटवायचा तर मोबाइल चार्जिंगला लावता त्या बोर्डाजवळ चिकटवा. दिवसातून चार वेळा तिथे नजर जाते. अभ्यासाच्या टेबलापुढे लावलेला तक्ता आठ दिवसांत भिंतीचा भाग होतो, कोणी बघत नाही. आजोबा घरात असतील तर त्यांना पावकी-दिडकी म्हणायला सांगा. त्यांची चाल घ्या आणि तीत तक्ता बसवा : शून्याला शून्य, तिसाला अर्धा, नव्वदाला एक.

शेवटची पायरी : टाकी मोजा

कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या सरळ कडेवर जुन्या पेनाची पोकळ नळी चिकटवा. मध्यबिंदूला दोरा बांधा आणि दोऱ्याच्या टोकाला लोखंडी वायसर. सरळ कड वर धरून नळीतून समोर पाहिलं की दोरा ९० वर येतो. नळी वर केली की दोरा सरकतो. ९० पासून जेवढा सरकला तेवढा उन्नत कोन, म्हणजे आडव्या रेषेपासून नजर जेवढी वर गेली तो कोन.

आता गावातल्या पाण्याच्या टाकीकडे जा. नळीतून टाकीचा वरचा काठ बघत मागे-मागे सरका आणि दोरा ४५° सरकलेला दिसेल तिथे थांबा. टॅन ४५° = १, म्हणून तुमच्यापासून टाकीपर्यंतचं अंतर म्हणजेच डोळ्यापासून वरची उंची. अंतर मोजताना ज्या काठाकडे बघितलं त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून मोजा, खांबापासून नको. समजा १६.५ मीटर भरलं. आता आणखी मागे जाऊन ३०° ची जागा शोधा. टॅन ३०° = १/√३, म्हणून तिथलं अंतर १६.५ च्या √३ पट, साधारण साडेअठ्ठावीस मीटर यायला हवं. मीटरभर इकडे-तिकडे झालं तर हात हलला असं समजा. पाच-सात मीटरचा फरक पडला तर दोरा वाचताना चूक झाली.

आणि उंची १६.५ लिहून मोकळे होऊ नका. तो काठ तुम्ही जमिनीवरून बघितला नाही, डोळ्यातून बघितला. डोळा १.४ मीटरवर असेल तर टाकी १७.९ मीटर. पहिल्या वेळी ही बेरीज निम्म्या वर्गाच्या वहीत राहून जाते. पेपरात निरीक्षकाची उंची दिली असेल तर तिथेही.